पाटीवरची विहीणबाई

चारा संपत आला की गाढव ओरडत नाही, नुसतं बघतं. अध्यक्षांना ते बघणं सोसत नसे. सकाळी गोठ्याचं फाटक उघडलं की अकरा तोंडं एकदम त्यांच्याकडे वळत, आणि अध्यक्ष चोरी केल्यासारखा चेहरा करून टोपलीच्या तळाशी हात घालत. उन्हाळा निम्मासुद्धा झाला नव्हता. गवत कधीच करपून गेलं होतं, बांधावर नुसती माती उडत होती, आणि वाळका चारा विकणाऱ्याने भाव असे चढवले होते की त्याच्याकडे जाताना अध्यक्ष चपला हातात घेत. पायांचा आवाज ऐकून त्याने आणखी चढवले तर काय करता?

अध्यक्ष हे काही त्यांचं जन्मापासूनचं पद नव्हे. उभी हयात त्यांनी वीटभट्टीवर गाढवं हाकण्यात घालवली. मग भट्टीवाल्याने ट्रॅक्टर घेतला आणि म्हातारी गाढवं व्यापाऱ्याला वजनावर द्यायची ठरवली. ज्यांच्या पाठीला आपल्या हाताने तेल लावलं, ती वजनावर जाणार हे काही यांना बघवेना. राहिलेल्या पगाराऐवजी त्यांनी गाढवंच मागून घेतली आणि वाजतगाजत घरी आणली. बायको त्या दिवशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, आणि न बोललेलीच बरी होती असं त्यांना वाटलं.

शेजारी एक निवृत्त कारकून राहायचे. दिवसभर घरी बसून कंटाळलेले. त्यांनी सांगितलं, "याची संस्था करा. संस्था केली की देणग्या येतात." झालं, थकलेल्या गाढवांची विश्रामसंस्था निघाली. गाढववाले अध्यक्ष झाले, कारकून चिटणीस झाले, गोल शिक्का झाला. देणगी म्हणून वर्षभरात एक फाटकी ताडपत्री आली, आणि पुष्कळ सल्ले.

पाणी तेवढं फुकट होतं. अध्यक्षांची लेक बांधापलीकडेच दिली होती. तिची सासू, म्हणजे अध्यक्षांची विहीण, नवऱ्यामागे सगळी शेती एकटीने ओढणारी बाई होती, आणि तिच्या बोअरला भर उन्हाळ्यातही पाणी असे. तिने गोठ्यापर्यंत नळी टाकून दिली होती. पाणी मनापासून दिलं होतं, पण दिल्याचं ऐकवायचीही मनापासून. अध्यक्ष ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत. बायकोच्या कानात मात्र ते साचून राहत असे.

अशा दिवसांत शहरातली भाची सुट्टीत राहायला आली. ती जाहिरातींच्या कचेरीत कामाला होती. गोठा बघून ती म्हणाली, "मामा, तुमच्याकडे माल उत्तम आहे. मांडणी चुकतेय."

"माल कसला? गाढवं आहेत."

"तेच म्हणतेय मी."

तिने पहिल्यांदा चहाच्या टपरीवर दानाची पेटी ठेवली. आठवड्याने उघडली तर आत बसची तिकिटं, एक बटण आणि कुणाचा तरी पडलेला दात निघाला. मग तिने गाढवांची दिनदर्शिका काढायची ठरवली. गाढवं कॅमेऱ्याकडे बघेनात. एकाने बघितलं ते कॅमेरा चाटण्यासाठी. शेवटी बारा महिन्यांपैकी नऊ महिन्यांना शेपट्याच आल्या. चिटणीस म्हणाले, "वर्ष कसं जाणार ते तरी लोकांना आधी कळेल." पण छपाईवाल्याने हात वर केले.

तिसरी कल्पना दत्तक घेण्याची होती. भाचीने बसथांब्यावर कागद डकवले. 'आपल्या लाडक्या माणसाच्या नावाने एक गाढव दत्तक घ्या. वर्षाचा चारा द्या. गाढवाच्या गळ्यात त्यांची पाटी!'

गावात जो काही गहजब झाला! लाडक्या माणसाच्या नावाने गाढव? दोन म्हातारे काठ्या घेऊन विचारायला आले. भाचीने त्यांना, परदेशात लोक कसे आनंदाने पैसे देतात वगैरे सांगून पाहिलं. त्यांनी तिला चहाही न पिता आशीर्वाद दिला आणि अध्यक्षांना म्हणाले, "पोरगी शहरात फार शिकली वाटतं."

संध्याकाळी न्हावी आला. दुकान बंद करून, मागच्या दाराने. बराच वेळ उगाच गाढवांच्या आयाळी बघत उभा राहिला.

"काय रे?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते कागदावरचं... माणूस लाडका नसला तर चालेल का?"

"कोण आहे?"

"घरमालक," न्हावी म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत असं काही चमकलं की भाचीने उठून पेन आणलं आणि कागदावरचा 'लाडक्या' हा शब्द खोडला.

त्या एका शब्दाने संस्थेचं नशीब फिरलं. लोक येऊ लागले, अंधार पडल्यावर, एकेकटे, इकडेतिकडे बघत. चिटणीस कचेरीत मुरलेले. त्यांनी दोन नियम घातले. पाटीवर नाव लिहायचं नाही, फक्त नातं किंवा हुद्दा, म्हणजे कुणी अब्रूच्या नुकसानीची फिर्याद करायला नको. आणि पैसे कुणी भरले हे चिटणिसांपलीकडे कुणाला कळायचं नाही, अध्यक्षांनाही नाही. कुणी न्हाव्यासारखा आपल्याच तोंडाने बोलून बसला तर ते त्याचं नशीब. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने मजुरीऐवजी एक गाढव मागून घेतलं आणि त्याची पाटी सगळ्यांत मन लावून रंगवली: 'थोरला भाऊ'.

दहा दिवसांत गोठ्यात साहेब आले, घरमालक आले, हेडमास्तर, मेव्हणा, धाकटा जावई, सोसायटीचे चेअरमन आले. चाऱ्याच्या दोन गाड्या दारात उतरल्या. अध्यक्षांना इतका आनंद झाला की त्यांनी चारावाल्याच्या समोरून चपला वाजवत दोन चकरा मारल्या.

पाटीचा मात्र त्यांच्यावर भलताच परिणाम झाला. माणूस सरळ, जे लिहिलंय ते खरं मानणारा. "ए, सर की," असं ते साहेबांना म्हणेनात. "साहेब, जरा बाजूला होता का?" म्हणू लागले. हेडमास्तरांसमोर विडी ओढेनात. बायको कपाळाला हात लावी.

दहाव्या गाढवासाठी चिटणिसांनी 'व्याही' अशी पाटी आणून दिली. कुणा एकाने आपल्या व्याह्यासाठी पैसे भरले होते. अध्यक्षांनी या पाटीला गाढव स्वतः निवडलं. एक धट्टाकट्टा नर होता. तो दुसऱ्याच्या वाटणीचा चारा खायचा, मग बरोबर दारात आडवा पडायचा आणि डोळे मिटून तपाला बसल्याचा आव आणायचा.

"अगं, बघ!" पाटी बांधताना अध्यक्ष पोट धरधरून हसले. "ज्याने पैसे भरले त्याचा व्याही हुबेहूब असाच असणार. खायला पुढे, आणि उठवायला चार माणसं." या एकाच गाढवाला ते पाटी असूनही अरेतुरे करत. कुणाचा तरी व्याही, आपला काय संबंध!

बायकोने त्यांच्याकडे एकदा बघितलं, गाढवाकडे एकदा बघितलं आणि ती शेण भरायला गेली.

शेवटची उरली ती एक म्हातारी, पांढुरक्या तोंडाची, मान ताठ ठेवून चालणारी गाढवीण. तिच्या गळ्यात पाटी आली: 'विहीणबाई'.

दोन दिवसांनी नळीचं पाणी बंद झालं.

अध्यक्षांना वाटलं, वीज गेली असेल. बांधावर जाऊन बघितलं तर पलीकडच्या वाफ्यात पाणी खळखळत होतं. तसेच ते विहिणीच्या दारात गेले. ती ओसरीवर विळ्याला धार लावत बसली होती. आत लेक उभी होती. ती बापाला डोळ्यांनी, आत्ता नको, आत्ता नको, असं सांगत होती, पण अध्यक्षांना डोळ्यांची भाषा कधीच कळली नव्हती.

"मोटर बिघडली का?" त्यांनी विचारलं.

"मोटर ठणठणीत आहे," विळ्यावरची नजर न काढता विहीण म्हणाली. "गाढविणीचं नाव काय ठेवलंत म्हणे?"

"ते आम्ही नाही ठेवत. ज्याने पैसे भरले त्याचं म्हणणं. संस्थेचा नियमच..."

"व्याही, एक सांगा. तुम्हाला विहिणी किती?"

अध्यक्षांनी उगाच विचार केल्यासारखं केलं. "एक."

"मग?"

"पण दुसऱ्या कुणाची विहीण असू शकते ना! गावात विहिणी काय कमी आहेत?"

"बाजारात तीन बायकांनी मला विचारलं. तिघी हसत होत्या. त्यांच्याही विहिणी आहेत, पण त्यांना कुणी विचारलं नाही." विहिणीने धार बोटावर पाहिली. "पाटी काढा, पाणी सोडते."

अध्यक्ष धावत चिटणिसांकडे गेले. चिटणीस म्हणाले, "एक काढली की उद्या साहेब येतील, परवा चेअरमन येतील. सगळे काढायला लावतील. ज्यांनी भरलेत ते पैसे परत मागतील. चारा तर गाढवांनी खाल्लाय. परत कुठून देणार?" ते खरंच होतं. पाट्या गेल्या की चारा गेला, आणि चारा गेला की व्यापारी आलाच. त्याचा निरोप तर येऊनही गेला होता. वजनाचा भाव या वर्षी बरा आहे, असा.

"निदान पैसे कुणी भरले ते तरी सांगा. मी त्याच्या पाया पडतो."

चिटणिसांनी कानावर हात ठेवले.

घरी येऊन अध्यक्षांनी त्या अज्ञात माणसाला शिव्या द्यायला सुरुवात केली. नतद्रष्ट, कळलाव्या, घरं फोडणारा मेला. बायको धान्य निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"पुरे आता. मी भरलेत."

"तू? पैसे कुठून आणलेस?"

"अंड्यांचे साठवले होते," बायको म्हणाली. "मागच्या आठवड्यात आली होती ना इथे. माझ्या घरात बसून, माझा चहा पीत म्हणाली, आमचं पाणी आहे म्हणून तुमचं चाललंय. वर म्हणाली, चहात साखर कमी आहे. मी गप्प बसले. आयुष्यभर गप्पच बसायचं का मी? चिटणिसांकडे गेले आणि भरले. फार बरं वाटलं मला. लग्नानंतर पहिल्यांदा इतकं बरं वाटलं."

"अगं, मग आता ती पाटी..."

"पैसे भरलेत मी. वर्षाचे!"



नदी आटली होती. पाणी होतं ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, सरकारी टाकीवर. अकरा गाढवांना लागतं तेवढं पाणी दोन माणसांनी डोक्यावरून आणणं शक्य नव्हतं. अध्यक्षांनी माळ्यावरून जुनी खोगिरं काढली, झटकली, आणि ती हातात घेऊन बराच वेळ गोठ्याच्या दाराशी उभे राहिले. आता तुम्हाला आराम, असं त्यांनी या जनावरांना शब्द देऊन आणलं होतं. गाढवांना शब्द कळत नाहीत हे बायकोने त्यांना पुष्कळदा सांगितलं होतं. तरी त्यांना लाज वाटायची ती वाटलीच.

"साहेब, माफ करा," ते म्हणाले, आणि पहिलं खोगीर साहेबांच्या पाठीवर चढवलं.

डबे बांधून गाढवं गावातून निघाली, तशी दुकानांतून माणसं बाहेर आली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग न्हाव्याने वस्तरा हातात तसाच धरून आरोळी ठोकली, "अरे, घरमालक पाणी वाहतोय!" अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही उठून आलं. टाकीपासून गोठ्यापर्यंत माणसांची रांग लागली. ज्यांनी गुपचूप पैसे भरले होते ते कोण, हे आता चेहऱ्यांवरूनच कळू लागलं. एक सरकारी कारकून साहेबांच्या मागे मागे इतक्या समाधानाने चालत होता की त्याची कचेरी बुडाली. पेंटर थोरल्या भावासमोर उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. शेजारच्या गावांतून लोक आले. टपरीवरच्या पेटीत या वेळी खऱ्या नोटा पडल्या. शहरात परत गेलेल्या भाचीचा फोन आला. "मामा, ही कल्पना मला कशी नाही सुचली! रोज करा!"

"घरमालकावर आणखी एक डबा चढवा," न्हावी म्हणाला. "पैसे मी देतो."

"वजन ठरलेलं आहे," अध्यक्ष म्हणाले.

"मग निदान चढावरून न्या!"

अध्यक्षांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दुकानात गेला. पेटी भरत होती आणि त्यांना एक घास गोड लागत नव्हता. हेडमास्तरांचे गुडघे चढाला थरथरत. चेअरमनच्या जुन्या जखमेवरचं कातडं पुन्हा सोललं होतं. संध्याकाळी व्यापारी स्वतः येऊन गेला. प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "असंच चालवलंत तर वजन उतरेल. लवकर काय ते ठरवा." नोटांनी चारा मिळत होता. पाणी नोटांनी मिळत नव्हतं, आणि ते ज्या पाठींवरून येत होतं त्या पाठी फार दिवस पुरणार नव्हत्या.

या सगळ्यात विहीणबाईंच्या पाठीवर मात्र काही नव्हतं. पहिल्या दिवशी अध्यक्ष खोगीर घेऊन त्या गाढविणीजवळ गेले, पाटी वाचली, आणि मागे फिरले.

"टाका की तिच्यावर!" बायको ओरडली. "एवढं पाणी कोण आणणार?"

"अगं, कसं टाकू? पाटी बघ ना."

"अहो, ती गाढवीण आहे!"

"ते मला दिसतंय. पण हात उचलत नाही. लेकीची सासू म्हणजे..."

"मग न्यायची तरी कशाला?"

"एकटी ठेवली तर ओरडेल."

तेव्हा विहीणबाई सगळ्यांच्या पुढे, मान ताठ, रिकाम्या पाठीने चालत. त्यांच्या वाटणीचा डबा अध्यक्षांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. बाकीच्यांवर एकेक लहान डबा आणि व्याह्यावर दोन मोठे. चौथ्या दिवसापर्यंत अध्यक्षांचा खांदा सुजून टम्म झाला. रात्री बायको त्याला शेक देई आणि शेकता शेकता एक बोट मुद्दाम जोरात दाबी.

पाचव्या दिवशी वळणावर विहीण उभी होती. शेजारी लेक. लेकीनेच तिला ओढून आणलं होतं, "एकदा डोळ्यांनी बघा तरी, मग काय बोलायचं ते बोला," म्हणून. गर्दी बघायला सरसावली. अध्यक्षांना वाटलं, आता भर रस्त्यात शोभा होणार. खांद्यावरचा डबा खाली ठेवावा की तसाच धरावा, हेही त्यांना सुचेना.

विहिणीने आधी आपली पाटी वाचली. मग गाढविणीची पाठ बघितली. मग अध्यक्षांचा खांदा बघितला.

"हिच्यावर ओझं का नाही?"

"कसं टाकणार?" अध्यक्ष खाली बघत म्हणाले. "काही झालं तरी विहीणबाई आहेत."

कुणीतरी फिस्स करून हसलं. लेकीने मागे वळून बघितलं, तसं थांबलं. विहिणीने गाढविणीच्या मानेवरचं धुळीचं ढेकूळ नखाने काढून टाकलं, आणि मग तिची नजर रांगेत मागे गेली.

"आणि त्याच्यावर दोन का?"

"तो? तो व्याही," अध्यक्षांना जरा हुशारी आली. "फुकटचं खातो आणि दारात लोळतो. कुणाच्या तरी व्याह्याची कसली भीड ठेवायची!"

"कुणाच्या तरी नाही," विहीण म्हणाली. "त्याचे पैसे मी भरलेत."

अध्यक्षांच्या हे ध्यानात यायला जरा वेळ लागला. त्यांच्या बायकोच्या लगेच आलं. ती मागून डबे सांभाळत येत होती, ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि हसू लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"हसा," विहीण तिला म्हणाली. "माझे कुणी भरलेत तेही मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. गाठीचे पैसे मोडून माझी आठवण काढणारी या गावात दुसरी आहे कोण?"

बायकोचं हसू थांबलं.

"दर जरा जास्तच होता," बायको म्हणाली.

"हो ना. मलाही जास्तच वाटला."

"मग पाणी का हो तोडलंत?" अध्यक्ष कळवळून म्हणाले. "तुम्हीसुद्धा तेच केलं होतंत!"

"माझं कुणाला कळलं नव्हतं. तुमचं गावभर झालं." विहीण जायला वळली. "मोटर लावते. खोगिरं उतरवा त्यांची, पाठी सोलल्यात. पाट्या राहू द्या. पैसे गेलेत ते गेलेत."

"दोन्ही?" बायकोने विचारलं.

"दोन्ही. आणि संध्याकाळी चहाला येते. साखर नीट घाला."

लेक बापाकडे बघून हसली आणि सासूच्या मागे निघाली. आता बघायला काही उरलं नाही म्हणून गर्दी पांगली. न्हावी तेवढा हळहळत मागे राहिला होता, त्यालाही बायकोने हाकललं आणि ती साहेबांचं खोगीर सोडू लागली.

अध्यक्ष व्याह्याजवळ गेले. त्याच्या पाठीवरचे दोन मोठे डबे त्यांनी एकेक करून उतरवले, खोगीर काढलं, खाली उठलेला वळ बघितला. गाढवाने डोळे मिटले आणि ते तिथेच, भर रस्त्यात, आडवं झालं. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं.

"लागलं का हो फार?" त्यांनी हळूच विचारलं.